निवटीची वाटी

मनूमावशीला बेल वाजवणं कमीपणाचं वाटतं. सत्तरी उलटून गेली तरी ती आजही जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच हाक मारते, "विनूऽ, कोलंबी हाय गो!" त्या हाकेसरशी वरच्या मजल्यावरची शाकाहारी मंडळी धडाधड खिडक्या लावून घेतात आणि आमच्या घरात मांजर जागं होतं. मी लहान असल्यापासून हे असंच चाललंय. तेव्हाचं मांजर वेगळं होतं, एवढाच काय तो फरक.

मनूमावशी म्हणजे मनुबाई. ठाकुर्लीच्या खाडीकाठी जी जुनी कोळ्यांची वस्ती आहे, तिथली. माझी आई राजापूरकडची, त्यामुळे मासळीच्या बाबतीत तिला कुणी शिकवलेलं खपायचं नाही, आणि मनूमावशीलाही नाही. दोघी दारात बसून तासभर भांडायच्या. आई माशाचे कल्ले उघडून बघायची, मनूमावशी तोंड फिरवून बसायची. शेवटी चहा व्हायचा. आई गेली त्या दिवशी मनूमावशी टोपली न घेता आली होती. डोक्यावर टोपली नसलेली मनूमावशी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती केवढीशी आहे हेही मला तेव्हाच कळलं.

मी डोंबिवलीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. स्वभावाने तिखट आहे असं मुलं म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. दोनेक वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी, प्रफुल्ल, स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. मानपाड्याच्या बाजूला त्याचा लहानसा कारखाना आहे. नळाच्या तोट्या आणि कपाटाच्या मुठी यांना निकेलचा मुलामा देतात. मुलामा दिलेला माल धुतला की पाणी हिरवं होतं, कारण त्यात निकेल उतरतं. ते पाणी पुढच्या प्रक्रियेसाठी सोडण्याआधी त्यातलं निकेल काढावं लागतं, आणि ते काढण्याची मोठी यंत्रं त्याच्यासारख्या छोट्या माणसाच्या आवाक्याबाहेरची.

"मॅडम, काहीतरी स्वस्तातला जुगाड सांगा ना," तो म्हणाला.

"प्रॅक्टिकलला कधी वेळेवर आला असतास तर तुझा तुलाच सुचला असता," मी म्हटलं. पण विषय डोक्यात शिरला तो शिरलाच.

कोळंबीच्या सालीत एक चिवट द्रव्य असतं. पाण्यात विरघळलेले धातूचे कण त्याला जाऊन चिकटतात. साली सुकवायच्या, कुटायच्या, त्यांच्यावर थोडे संस्कार करायचे, उभ्या पाइपात ठासून भरायच्या आणि वरून पाणी सोडायचं. धातू सालीत राहतो, पाणी खाली येतं. धातूने भरलेल्या साली मग धोकादायक कचरा म्हणून रीतसर द्यायच्या. जगभर लोक यावर काम करतात. कुणी नारळाचा काथ्या वापरतं, कुणी भाताचं तूस, कुणी शेवाळ. मला मात्र साली सोडून दुसरं काही आठवलंच नाही, कारण साली म्हटलं की मला मनूमावशी दिसते. हल्ली गिऱ्हाइकांना कोळंबी सोलून लागते. त्यामुळे तिच्या पाटाशेजारी संध्याकाळपर्यंत सालींचा ढीग पडतो.

"साली?" तिने विचारलं. "त्या काय करतंस? रस्सा करतंस?"

मी तिला समजावून सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण कचऱ्याला मागणी आली याचा तिला आनंद झाला. पहिल्या साली तिने ओल्याच, प्लास्टिकच्या पिशव्या भरभरून दिल्या. मी त्या प्रयोगशाळेत धुतल्या, उकळल्या, गच्चीवर वाळवल्या. आठवडाभर सगळ्या कॉलेजला मासळीबाजाराची कळा आली होती. प्राचार्य रुमाल नाकाला लावून माझ्याशी बोलायचे.

पण पाइप चालला. प्रफुल्लचं हिरवं पाणी वरून ओतलं आणि खालून निवळ पाणी आलं. निकेल ओळखायला एक द्रावण असतं, त्याचा थेंब टाकला की पाणी लालभडक होतं. खालच्या पाण्यात थेंब टाकला, ते तसंच राहिलं. त्या दिवशी प्रफुल्लने पेढे आणले, आणि मीही दोन खाल्ले.

ते हिरवं पाणी आणि ते निवळ पाणी, अशा दोन बाटल्या मी मनूमावशीला दाखवायला घेऊन गेले. तिने दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. बराच वेळ पाहत राहिली.

"मंजे खारी बरी होल?" तिने विचारलं. तिच्या बोलीत खाडीला खारी म्हणतात.

"अगं, एवढ्याशा पाइपने कुठे? एका कारखान्याचं पाणी आहे हे."

"एक त एक," ती म्हणाली. "सुरवात त झाली."

तिचं घर अजून खाडीकडे तोंड करून आहे. मागच्या बाजूला इमारती उठल्या, रस्ता वर आला, घर खड्ड्यात गेलं, पण दाराचं तोंड तिने बदललं नाही. आईबरोबर लहानपणी मी नारळी पौर्णिमेला तिथे जायची. तिचा नवरा दामाजी तेव्हा होता. उंच, काळाभोर, बोलायला कमी. तो ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाग फेकायचा, आणि ते गोल जाळं हवेत उघडलं की मी उगीच टाळ्या वाजवायची. बोयटं यायची, चिंबोऱ्या यायच्या. पण माझा जीव निवट्यांवर. बोटाएवढा, डोळे डोक्यावर आलेला, चिखलात चालणारा मासा. पाणी ओसरलं की तिवरांच्या मुळांपाशी निवट्या उड्या मारत हिंडायच्या आणि मनूमावशी साडीचा काचा मारून चिखलात उतरायची. बिळात हात घालून ती निवटी अशी अलगद काढायची, की त्या माशाला आपण पकडले गेलोय हे टोपलीत पडल्यावर कळावं. एकदा मी तिच्या मागे उतरले. एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. आईने मार दिला आणि मनूमावशीने निवटीचं कालवण वाढलं. आंबट, दाट, त्यात चिंच आणि वर हिरवी मिरची. तसं कालवण मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. मीच केलं तरी तसं होत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

मग पाण्याला वास यायला लागला. आधी बोयटं गेली, मग मासळीला घासलेटाची चव यायला लागली, गिऱ्हाइकं ती परत आणून द्यायला लागली. दामाजीने एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, पण सुटीच्या दिवशी तो दारात बसून पाग दुरुस्त करायचा. न वापरलेलं जाळं फाटत नाही. तरी तो त्याच्या गाठी सोडवून पुन्हा मारायचा. मनूमावशी पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावरून समुद्राची मासळी आणायला लागली. खाडीच्या कोळणीने दुसरीकडची मासळी विकत आणायची, याची तिला इतकी लाज वाटायची की पहिली काही वर्षं ती आम्हाला "आपलीच हाय" म्हणून सांगायची. आईला कळायचं. ती फक्त कल्ले बघायची थांबली होती.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे प्राप्ती. मनूमावशीची नात, मुलाची मुलगी. लग्न करून कल्याणला दिलेली. गेल्या वर्षी तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात डोहाळेजेवण माहेरीच, खाडीकाठच्या घरात करायचं ठरलं.

मनूमावशीच्या घरात एक रीत आहे. डोहाळेजेवणाच्या ताटात एक वाटी निवटीची. निवटी विकतची चालत नाही, दुसऱ्या गावची चालत नाही. आपल्या खाडीची, आपल्या हाताने धरलेली पाहिजे. पोटातल्या पोराचा पहिला घास आपल्या पाण्याचा, म्हणजे ते पोर पाण्याला घाबरत नाही आणि पाणी त्याला विसरत नाही. सासूने मनूमावशीला भरवली, मनूमावशीने सुनेला. प्राप्तीच्या वेळी निवटी मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण त्या वर्षी तिवरांपाशी निवट्या पुन्हा दिसायला लागल्या.

"तुजे पायपान जादू हाय गो," मनूमावशी मला म्हणाली. तिचा चेहरा एवढा उजळला होता, की पाइपाचा आणि निवट्यांचा काही संबंध नाही हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. जेवणाआधी आठवडाभर तिने काठीच्या आधाराने चिखलात उतरून निवट्या धरल्या आणि चिखल घातलेल्या बादलीत जिवंत ठेवल्या. माझ्या आयुष्यातलं ते कालवण पुन्हा होणार म्हणून मीही खूश होते.

त्याच सुमारास दुसरा पाइप बिघडला.

पहिल्या साली धातूने भरल्या, तशी नवी खेप मनूमावशीकडून आली होती. या वेळी साली स्वच्छ होत्या, वास जवळजवळ नव्हता. प्राचार्यांच्या रुमालाला घाबरून मीच तिला म्हटलं होतं, "जरा साफ करून दे गं." मला वाटलं, आता कसं झकास झालं. पाइप भरला, प्रफुल्लचं पाणी ओतलं. खालून आलेल्या पाण्यात थेंब टाकला आणि ते लाल झालं. पुन्हा केलं, पुन्हा लाल.

माझा पहिला संशय प्रफुल्लवर. मी त्याला फोनवर चांगला फैलावर घेतला. "काय मिसळलंस त्यात? खरं सांग."

"आईशप्पथ मॅडम, तेच पाणी आहे. तुमच्यासमोर भरलेलं मी."

मग मी सालीच तपासायला घेतल्या. प्रफुल्लचं पाणी न लावलेल्या, कोऱ्या साली. त्या सौम्य आम्लात धुतल्या आणि ते पाणी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथला सलिल म्हणजे माझ्याहून चिडका माणूस. त्याने फोन करून विचारलं, "कुठल्या गटारातलं आहे हे? जस्त आहे, तांबं आहे, शिसं भरपूर आहे."

शिसं. प्रफुल्लच्या कारखान्यात शिसं येतच नाही. आणि साली तर धक्क्यावरून आलेल्या, खोल समुद्रातल्या कोळंबीच्या. म्हणजे पाइपात जाण्याआधीच त्या भरलेल्या होत्या, निकेलला जागाच उरली नव्हती. पण कुठे भरल्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाडीकाठी गेले. मनूमावशी दारात लसूण सोलत होती. बादली तिच्या पायाशी होती, त्यात निवट्या चुळबुळत होत्या.

"साली कशा साफ केल्यास मावशी?"

ती कौतुकाने हसली आणि मला घरामागे घेऊन गेली. तिवराच्या फांदीला दोरी बांधलेली होती आणि दोरीला, पाण्यात, सालींनी भरलेली वेताची पाटी लोंबत होती. भरती आली की पाटी बुडायची, ओहोटीला उघडी पडायची. बारीक खेकडे आणि मासळीची पिल्लं सालींना चिकटलेलं मांस खाऊन टाकायची.

"चार-पाच दिस ठेवतंय," ती म्हणाली. "आमचे सासूची रीत. खारीचा खारीन धुवावा. ही भाऊचे धक्क्याची, मी मनलं, दे तिला पन आपले घरची आंघोल."

मी त्या पाटीकडे पाहत उभी राहिले. समुद्राची कोरी साल तिने मायेने आपल्या खाडीत बुडवली होती, आणि सालीने तेच केलं होतं जे मी तिच्याकडून पाइपात करून घेणार होते. खाडीतलं जेवढं मिळालं तेवढं धरून ठेवलं. मनूमावशीचं काही चुकलं नव्हतं. तिच्या सासूच्या काळात त्या पाण्यात धुतलेली वस्तू खरंच स्वच्छ होत होती.

सांगणं भाग होतं. मी सांगितलं. शिसं म्हणजे काय, तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि लसणीची पाकळी बोटांत फिरवत होती.

"सालीला चिकटतंय," ती सावकाश म्हणाली, "मंग चिखलान ऱ्हातंय तिला?"

तिची नजर बादलीकडे गेली होती.

"तिलाही, मावशी. चिखलात तर जास्तच."

"निवट्या परत आल्या त. मेल्या नाय."

"जगतात त्या. जगल्या म्हणजे पाणी चांगलं झालं असं नाही."

त्यावर ती भडकली. "सत्तर वर्सा मी ह्या खारीचा खाल्ला. मेलो का? दामाजीन जलमभर खाल्ला, माजा पोर खाऊन मोटा झाला. तू काल बाटली घेऊन आयलीस आन मना सांगतंस?"

मलाही राग आला. तिच्यावर नाही, पण निघाला तिच्यावर. "तू खा ना, तुला कोण अडवतंय. पण शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या पोराकडे जातं. त्याच्या मेंदूत जातं. तुझ्या पणतूचा पहिला घास तोच करायचाय का तुला?"

ती उठली. लसूण तिथेच टाकून आत गेली. मी दारात थोडा वेळ थांबले. ती बाहेर आली नाही. बादली तशीच होती.

रविवारी मी डोहाळेजेवणाला गेले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. मांडवाला झेंडूच्या माळा, चौरंगाभोवती रांगोळी, हिरव्या साडीतली प्राप्ती फुलांच्या वाडीने नटलेली. बायका गाणी म्हणत होत्या, मध्येच तिची थट्टा करत होत्या. स्वयंपाकघरातून चिंचेचा आणि हिरव्या मिरचीचा वास येत होता. तो वास आला आणि माझी नजर ती बादली शोधायला लागली. मनूमावशीने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

ताट आलं. पुऱ्या, तांदळाची खीर, कोळंबीभात, सुरमईची तुकडी, चिंचेच्या आंबट सारात बुडवलेले बोंबील. आणि ताटाच्या उजव्या हाताला, झाकण ठेवलेली पितळी वाटी. ती वाटी मी लहानपणापासून ओळखते. गाणी थांबली. सगळ्यांना माहीत होतं तिच्यात काय असतं.

मनूमावशी पुढे झाली. मी जागची उठायच्या बेतात होते. भर समारंभात ताटावरची वाटी ओढायची तर कशी, आणि नाही ओढायची तरी कशी, एवढंच माझ्या डोक्यात चाललेलं. तिने झाकण उचललं.

वाटी रिकामी होती. घासून लख्ख केलेली.

बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्यानेच म्हणाली, "अगो मनू, भरल्या पोटाचे पोरीम्होरं रिकामी वाटी ठेवतंस?"

"रिकामी नाय," मनूमावशी म्हणाली. "राखलेली हाय."

प्राप्ती तिच्याकडे बघत होती. "आजी, तू निवट्या धरलेल्यास ना? आई बोललेली मला फोनवर."

"धरल्या व्हत्या. परत खारीन सोरल्या." मनूमावशीने पदराने वाटीची कड पुसली. ती स्वच्छच होती, तरी पुसली. "आपली खारी आजारी हाय पोरी. आजारी मानसाचे ताटातला लेकराला भरवीत नाय. बरी झाली का जेवू. तुजे वक्ताला नाय जमला, तुजे पोरीचे वक्ताला जमल. तवर ही वाटी कुनी दुसऱ्या कामाला घेवाची नाय."

तुझ्या पोरीच्या वेळेला. जी पोर अजून जन्माला आलेली नव्हती, तिच्या डोहाळेजेवणाला. तेव्हा मनूमावशी नसेल, मीही बहुधा नसेन. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. प्राप्तीने वाटी उचलून कपाळाला लावली आणि पुन्हा ताटात ठेवली. मग तिने पुरीचा तुकडा मोडला आणि कुणीतरी पुढचं गाणं सुरू केलं.

संध्याकाळी भांडी घासताना ती वाटी बाकीच्या वाट्यांत मिसळली. मनूमावशीने ती न शोधता काढली, पुसली आणि दामाजीच्या फोटोशेजारच्या फळीवर नेऊन ठेवली. तिथे त्याचा पागही खुंटीला टांगलेला आहे.

त्यानंतर काही दिवसांनी जिन्याच्या खालच्या पायरीवरून हाक आली. वरच्या खिडक्या लागल्या. मी खाली गेले तर टोपलीशेजारी एक भरलेलं पोतं होतं. साली. मी हात घालून पाहिलं, स्वच्छ होत्या, कडक वाळलेल्या. नळाच्या पाण्याला येतो तो औषधाचा बारीक वास त्यांना येत होता.

"नळाखाली धुतल्यास?" मी विचारलं.

मनूमावशी पोत्याचं तोंड बांधत होती. गाठ पक्की होईपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "खारीला सांगून धुतल्या."